चार की साडेसहा?

अहवालात ज्या आकड्यापुढे काही खूण नसते, त्याकडे माणूस सहसा पाहत नाही. माझ्या वार्षिक रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन असे वीसेक आकडे आपापल्या रांगेत निमूट उभे होते आणि शेवटून तिसऱ्या ओळीत ५.२ हा एकच आकडा ठळक टायपात, शेजारी वर तोंड केलेला बाण घेऊन बसला होता. उजवीकडच्या रकान्यात त्याची मर्यादा छापलेली होती, ०.० ते ४.०. चाचणीचे नाव पीएसए, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीच्या, रोजच्या बोलण्यात प्रोस्टेटच्या, कर्करोगाचा माग काढण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी. मुलीने बाण माझ्या आधी पाहिला. ‘‘बाबा, हे काय आहे?’’ असे तिने विचारले खरे, पण ते काय आहे हे तिला पुरते ठाऊक होते, हे तिच्या आवाजावरूनच मला कळले.

माझे लक्ष मात्र कागदाच्या तळाशी गेले होते. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत तेथे वयोगटानुसार मर्यादा दिल्या होत्या. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि ७० ते ७९ या वयात ६.५. मला त्र्याहत्तरावे वर्ष चालू आहे. म्हणजे एकाच कागदाच्या मध्यावर मी संशयित होतो आणि त्याच कागदाच्या पायथ्याशी निर्दोष. त्यावर सही करणाऱ्याला यात काही विसंगत वाटले नसावे.

माझी सगळी नोकरी दाबमापके तपासून प्रमाणित करण्यात गेली. बॉयलरवरच्या दाबमापकाच्या तबकडीवर एक लाल रेघ असते. नव्याने कामाला लागलेल्या मुलांची समजूत अशी असे की रेघेच्या अलीकडे सगळे सुखरूप आणि पलीकडे थेट स्फोट. त्यांना मी सांगत असे की काट्याला रेघ दिसत नाही. ती कोणीतरी हिशेब करून, कोणती चूक परवडेल आणि कोणती परवडणार नाही हे ठरवून मारलेली असते, आणि तो हिशेब ज्याला कळला नाही त्याला रेघेचा उपयोग फक्त घाबरण्यापुरता. हे व्याख्यान आता माझ्यावरच उलटले होते. तेव्हा ४ आणि ६.५ या दोन रेघा कोणी, केव्हा आणि कसला हिशेब करून मारल्या, हे शोधण्यात पुढचे काही आठवडे मी घालवले. घरच्यांच्या मते मी काळजी टाळण्यासाठी हा उद्योग काढला होता, आणि त्यात थोडे तथ्य होतेच.

पीएसए हे कर्करोगाने निर्माण केलेले विष नव्हे. प्रत्येक निरोगी प्रोस्टेट हे प्रथिन तयार करत असते. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम आणि रक्ताच्या मानाने वीर्यात ते लक्षावधी पटींनी अधिक असते. रक्तात सापडतो तो त्याचा पाझर. वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, लघवीसाठी नळी घालावी लागली तरी पाझर वाढतो, आणि कर्करोगाने ग्रंथीची आतली रचना विस्कटली तरीही वाढतो. गळती किती आहे ते ही चाचणी सांगते, का आहे ते सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये तिला मान्यता दिली तीदेखील ज्यांचे निदान आधीच झाले होते अशा रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. ज्यांना काहीच झालेले नाही त्यांच्यात कर्करोग शोधण्यासाठी, गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपून करायच्या तपासणीच्या जोडीने, ती वापरण्याची परवानगी १९९४ मध्ये मिळाली. तोवर ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा रूढ झाली होती. निरोगी पुरुषांच्या रक्तात हे प्रथिन किती असते ते पाहून, त्यांतले जवळजवळ सगळे ज्याच्या आत बसतात असा आकडा चाचणीच्या सुरुवातीच्या काळात उचलला गेला आणि तोच पुढे सगळ्यांना लागू झाला, मग माणूस पन्नाशीचा असो की पंचाहत्तरीचा.

वयाचा प्रश्न नीट पुढे आला तो १९९३ मध्ये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीत जोसेफ ऑस्टरलिंग आणि मेयो क्लिनिकमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० ते ७९ वयाच्या ४७१ पुरुषांची बोटाने आणि सोनोग्राफीने तपासणी केली, कर्करोगाचे चिन्ह नसल्याची खातरजमा केली आणि मग त्यांचे पीएसए वयाच्या क्रमाने मांडले. ते दरसाल सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढत जाते असे दिसले. प्रत्येक दशकातील शंभरांपैकी पंच्याण्णव पुरुष ज्या आकड्याच्या आत बसतात तो आकडा त्यांनी त्या दशकाची मर्यादा म्हणून सुचवला. माझ्या अहवालाच्या तळाशी होती ती हीच कोष्टकातली ओळ. तीस वर्षे उलटली तरी आकडे दशांशासह तेच आहेत.

येथे मी बराच वेळ थबकलो, कारण या रेघेची घडण मला ओळखीची होती. ती निरोगी माणसांच्या गर्दीतून मारलेली आहे, आजारी माणूस तिच्या आखणीत एकही नाही. सत्तरीतल्या शंभर धडधाकट पुरुषांपैकी पाच जण व्याख्येनेच ६.५ च्या वर असणार, एवढे ती नक्की सांगते. मात्र सत्तरीतल्या शंभर कर्करोगग्रस्तांपैकी किती जण ६.५ च्या खाली सापडतील, याबद्दल ती अवाक्षरही काढत नाही. तो दुसरा प्रश्न १९९६ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातील संशोधकांनी विचारला. कृष्णवर्णीय पुरुषांची आकडेवारी मांडून त्यांनी दाखवले की निरोगी माणसांतले पंच्याण्णव टक्के सुटावेत अशा बेताने वयानुसार मर्यादा ठेवल्या, तर ४१ टक्के कर्करोग निसटतील. म्हणून त्यांनी उलट बाजूने रेघ मारली, आजारी माणसांतले पंच्याण्णव टक्के सापडतील अशी, आणि सत्तरीची मर्यादा ५.५ वर आली. दोन्हीकडे पंच्याण्णवच, पण एक पंच्याण्णव निरोग्यांना सोडण्याचे आणि दुसरे आजाऱ्यांना धरण्याचे. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत काही छापायचेच असेल, तर आमचे पंच्याण्णव यांपैकी कोणते, हे छापावे.

रेघेच्या अलीकडे सुखरूप प्रदेश असतो ही समजूत २००४ मध्ये मोडली. एका मोठ्या अमेरिकी औषधचाचणीत सात वर्षे ज्यांचे पीएसए कधीही ४ च्या वर गेले नव्हते आणि बोटाच्या तपासणीतही ज्यांच्यात काही आढळले नव्हते, अशा २९५० पुरुषांची अखेरीस बायोप्सी केली गेली. त्यांतल्या १५.२ टक्के पुरुषांना कर्करोग निघाला, आणि त्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के वरच्या श्रेणीचे, म्हणजे आक्रमक वळणाचे होते. अर्ध्या नॅनोग्रॅमहून कमी पीएसए असलेल्यांतही तो सापडला, फक्त प्रमाण कमी होते. म्हणजे पायऱ्या नाहीतच, एक लांबलचक उतार आहे आणि त्यावर आपण सोयीसाठी खुंट्या ठोकल्या आहेत.

उपकरणांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पीएसए मोजणाऱ्या यंत्रांचे प्रमाणीकरण जगात प्रामुख्याने दोन मापदंडांवर केले जाते. एक चाचणीच्या मूळ व्यापारी संचावरून आलेला आणि दुसरा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेला. दुसऱ्या मापदंडावर लावलेले यंत्र तेच रक्त साधारण २० ते २५ टक्के कमी दाखवते, त्यामुळे एकीकडचे ४.० दुसरीकडे ३.१ च्या आसपास येते. बहुतेक अहवालांत यंत्र कोणत्या मापदंडावर लावले आहे ते लिहिलेले नसते. आमच्या कार्यशाळेतून असे प्रमाणपत्र बाहेर पडले असते तर ते लिहिणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी उभे केले असते. त्यात आणखी भर म्हणजे एकाच माणसाचे पीएसए काही कारण नसताना पंधरा-वीस टक्क्यांनी खालीवर होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९७२ पुरुषांचे चार वर्षांतले नमुने तपासले गेले. ज्यांचे मूल्य कधीतरी ४ च्या वर गेले होते त्यांच्यापैकी ४४ टक्के पुरुषांत ते नंतरच्या कोणत्यातरी तपासणीत पुन्हा खाली आलेले होते, आणि वयानुसारची मर्यादा ओलांडलेल्यांत तर हे प्रमाण ५५ टक्के होते. एका वाचनावर निर्णय घेऊ नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो येथेही लागू पडतो हे पाहून मला जरा बरे वाटले.

माझ्या मूत्ररोगतज्ज्ञांनी तेच केले. प्रोस्टेट लहान करण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइडसारखी गोळी मी घेत नाही ना, एवढे त्यांनी आधी विचारून घेतले, कारण त्या गोळीने पीएसए जवळपास निम्मे होते आणि मग आलेला आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. रक्ततपासणीच्या दोन आठवडे आधी मला लघवीत जळजळ होत होती, हे मी विसरलो होतो आणि त्यांनी विचारल्यावर आठवले. ‘‘काका, मग सहा आठवडे थांबू आणि पुन्हा बघू,’’ असे ते म्हणाले. सहा आठवड्यांनी ४.७ आले, जुन्या रेघेच्या वर आणि नव्या रेघेच्या पुष्कळ खाली.

बोटाची तपासणी अर्ध्या मिनिटात आटोपली. तिच्याबद्दल पुरुष जेवढे मनात कुढतात तेवढे तिच्यात काही नाही, एवढे सांगून पुढे जातो. सोनोग्राफीत ग्रंथीचे आकारमान ६२ मिलिलिटर भरले. तरुणपणी ते वीस-पंचवीस असते. डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. ४.७ भागिले ६२, म्हणजे ०.०७६. याला पीएसए घनता म्हणतात आणि ती ०.१५ च्या वर गेली की संशय बळावतो. एवढी मोठी ग्रंथी एवढा पाझर देणारच, असा त्या भागाकाराचा अर्थ. ती ०.१५ सुद्धा कोणीतरी मारलेली रेघच आहे हे मला कळत होते, तरी त्या भागाकाराने मला जे समाधान दिले ते वयोगटाच्या कोष्टकाने दिले नव्हते. वयानुसार मर्यादा वाढवण्याचे शरीरशास्त्रातले मुख्य कारण ग्रंथीची वाढ हेच आहे, आणि ती वाढ मोजता येत असताना आपण दिनदर्शिकेला विचारून तिचा अंदाज बांधतो. कोष्टकाप्रमाणे पाहिले तर सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री माझी मर्यादा ४.५ होती आणि सकाळी उठलो तेव्हा ६.५. एका रात्रीत कोणाचीच ग्रंथी एवढी वाढत नाही.

तपासणी संपली होती आणि तरीही डॉक्टर बोलत राहिले. जिने चढताना दम लागतो का, दिवसाला किती चालणे होते, हृदयाचा काही त्रास, माझे वडील किती वर्षांचे होऊन गेले, भावांपैकी कोणाला हा आजार झाला होता का. मला आधी वाटले, माणूस मोकळ्या स्वभावाचा आहे आणि बाहेर आज गर्दी कमी असावी. मग लक्षात आले की शेवटचा प्रश्न सोडला तर बाकीच्यांचा प्रोस्टेटशी काही संबंध नाही.

‘‘डॉक्टर, तुम्ही माझी वर्षे मोजता आहात का?’’

त्यांनी पेन टेबलावर ठेवले. ‘‘हो काका. मोजावीच लागतात.’’

पुढे त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही अहवालाच्या तळाशी छापलेले नसते. या कर्करोगाचे बरेचसे प्रकार इतके संथ असतात की निदानापासून त्रास सुरू होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. इतर कारणांनी मरण पावलेल्या ऐंशीच्या घरातल्या पुरुषांचे शवविच्छेदन केले तर निम्म्याहून अधिकांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडतात. त्यांना जन्मभरात त्याचा पत्ताही लागलेला नसतो. असा कर्करोग शोधून काढला, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले आणि त्यापायी लघवीवरचा ताबा गेला, तर त्या माणसाला आपण आजार दिला, बरे केले नाही. म्हणून पुढे किमान दहा वर्षांचे आयुष्य दिसत असेल तरच या शोधाच्या मागे लागावे, असे बहुतेक मार्गदर्शक सूचनांचे म्हणणे आहे. ‘‘आणि माझी?’’ असे मी विचारले. ‘‘तुमची दहा धरायला हरकत नाही,’’ असे ते म्हणाले. तोलून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेले ते वाक्य मला आशीर्वादासारखे वाटले नाही, प्रमाणपत्रासारखे वाटले, आणि प्रमाणपत्रांवर माझा विश्वास अधिक.

माझी तक्रार आहे ती येथे, आणि ती त्यांच्याविषयी नाही, कारण त्यांनी विचारताक्षणी सांगितले. वय या एका शब्दाखाली दोन निरनिराळे हिशेब दडलेले आहेत. पहिला शरीराचा. ग्रंथी वाढते, पाझर वाढतो, म्हणून रेघ वर सरकवा. दुसरा आयुष्याचा. उरलेली वर्षे थोडी, शोधून फायदा कमी, म्हणून रेघ वर सरकवा. ६.५ हा आकडा पहिल्या हिशेबातून आला आहे. ऑस्टरलिंग यांच्या कोष्टकात कोणाच्या उरलेल्या वर्षांचा उल्लेख नाही. वापरताना मात्र तो सर्रास दुसऱ्या हिशेबासाठी वापरला जातो आणि म्हाताऱ्या माणसाला सांगितले जाते की तुमच्या वयाला हे नॉर्मल आहे. डोंगर चढणारा एकाहत्तर वर्षांचा गृहस्थ आणि हृदय थकलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ यांची मर्यादा कोष्टकात एकच आहे. पहिल्याच्या वाट्याला नको तेवढी निश्चिंती येते आणि दुसऱ्याला खरे कारण कोणी सांगत नाही. ‘तुमच्या बाबतीत शोधण्यात अर्थ नाही’ असे म्हणणे जड जाते आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणणे सोपे, हे मला कळते. पण म्हाताऱ्यांना एवढे नाजूक समजण्याचे कारण नाही. उरलेल्या वर्षांचा हिशेब आम्ही रोजच करत असतो.

संस्थांच्या सूचना वाचल्या तर हे दोन हिशेब वेगळे दिसतात, पण ते शोधून वाचावे लागतात. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ पासून वयानुसारच्या याच मर्यादा स्वीकारल्या आहेत, मात्र त्या लक्षणे असलेल्या पुरुषांना तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी आहेत, आणि एकोणऐंशीच्या पुढे आकडाच दिलेला नाही, डॉक्टरांनी तारतम्याने ठरवावे असे म्हटले आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून आपापला निर्णय घ्यावा असे सांगितले आणि सत्तरीनंतर लक्षणे नसताना ही चाचणी करूच नये असा सल्ला दिला. त्या हिशेबाने माझ्या वार्षिक तपासणीत ही चाचणी असायलाच नको होती. ती संपूर्ण तपासणीच्या पॅकेजात होती, एवढेच तिचे कारण. युरोपातील मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीसाठी बोलावलेल्या पुरुषांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी भरले, दर ४५६ जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. तो मुख्यतः ५५ ते ६९ या वयात बोलावलेल्यांचा हिशेब आहे, माझ्या वयाचा नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी हाडांपर्यंत पसरलेला आक्रमक प्रोस्टेट कर्करोग असल्याचे जाहीर झाले आणि त्यांची शेवटची ज्ञात पीएसए चाचणी २०१४ मधली होती असे त्यांच्या प्रवक्त्याने सांगितले. मुलीने ती बातमी मला पाठवली, सोबत एक अक्षरही न लिहिता. एका माणसाच्या आजारावरून कोट्यवधींचा नियम ठरत नाही, हे मी तिला कळवले. ते खरेच आहे. पण या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा भाग पंचाहत्तरीनंतरचा असतो हेही खरे आहे, आणि ते मी तिला कळवले नाही.

शेवटी आम्ही दोघांनी, म्हणजे डॉक्टरांनी आणि मी, असे ठरवले की बायोप्सी आता नको. दर सहा महिन्यांनी एक वाचन घ्यायचे आणि काटा एकाच दिशेने सरकताना दिसला किंवा घनता वाढली, तर आधी एमआरआय करायचा. सुई टोचायची की नाही ते त्या चित्रावर ठरेल. कोणत्याही एका रेघेवर न विसंबता चाल पाहण्याची ही पद्धत मला पटली. त्यात ४ ही नाही आणि ६.५ ही नाही.

गेल्या आठवड्यात पहिले सहामाही वाचन आले. जुनी प्रयोगशाळा बंद असल्यामुळे रक्त दुसरीकडे दिले होते. आकडा ४.९. ठळक टाइप नाही, बाण नाही, कारण या प्रयोगशाळेने उजवीकडच्या रकान्यातच माझे वय पाहून ६.५ छापले होते. मुलीने कागद पाहिला, ‘‘नॉर्मल आहे, बाबा,’’ म्हणाली आणि खरोखरच सुटकेचा निःश्वास टाकला. मी तिला काही बोललो नाही. ती आत गेल्यावर मी प्रयोगशाळेला फोन लावला आणि त्यांचे यंत्र कोणत्या मापदंडावर लावलेले आहे ते विचारले, कारण मापदंड बदललेला असेल तर हे ४.९ म्हणजे मागच्या यंत्रावरचे सहाच्या वरचे काहीतरी.

‘‘काका, तुमचा रिपोर्ट तर नॉर्मल आहे,’’ फोनवरची मुलगी म्हणाली. ‘‘मग हे कशाला हवंय?’’

‘‘दोन वाचनांची तुलना करायची आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मला आत विचारावं लागेल. वेळ लागेल थोडा.’’

‘‘थांबतो,’’ असे मी म्हटले आणि पेन्सिल हातात घेऊन, कागदाच्या कडेला तारीख लिहून, फोन कानाला लावून बसून राहिलो.